पाहुण्याला किवी, घरच्याला पेरू: महाराष्ट्रात पिकतं ते लोकांना घ्यायला कसं लावायचं?

खिडकीतली_तुळस

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. घरी आल्यावर टेबलावर साठलेली फळं बघितली तर किवीचे सात डबे, स्टिकर लावलेली परदेशी सफरचंदं दोन पिशव्या, तीन ड्रॅगन फ्रूट आणि अंगठ्याएवढी लाल द्राक्षं. दिवस जानेवारीचे. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर हातगाडीवर पेरू, बोरं, संत्री यांचा ढीग लागलेला. सासरे मूळचे पुरंदरकडचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "अगं, एखादा बरा पेरू आणा की. मीठ-तिखट लावून."

पेरू आणले फक्त आमच्या कामाच्या मावशींनी. चार पेरू, वर्तमानपत्राच्या पिशवीत. आणि देताना म्हणाल्या, "ताई, साधंच आणलंय." ते "साधंच" काही डोक्यातून जात नाही.

दुसरी गोष्ट. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत. दिवाळीनंतर मी खटपट करून एका शेतकरी कुटुंबाला दर शनिवारी भाजी घेऊन यायला राजी केलं. पहिल्या शनिवारी चाळीसेक घरं खाली उतरली, सेल्फी वगैरे झाले. सहाव्या शनिवारी नऊ. तक्रारी अशा: भेंडी का नाही? पालकाला माती आहे. मेथीत गवत येतं. गाजरं वाकडी आहेत. (हे सांगणाऱ्या काकू स्वतः गाजराचा कीसच करतात.)

तर प्रश्न सरळ आहे. आपल्याकडे पिकणारी फळं आणि भाज्या लोकांनी घ्याव्यात, आवडीने खाव्यात, यासाठी कुणी काही करून बघितलंय का? काय जमलं, काय फसलं? भाषण नको, अनुभव हवेत.

नाव_नंतर_सांगतो

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

मध्यमवर्गी

ताई, राग मानू नका, पण मी त्या ७५ घरांतला आहे. शनिवारी सकाळी सातला पिशवी घेऊन खाली उतरायचं, तिथे जे असेल ते घ्यायचं, मग ते निवडायचं, धुवायचं. त्यापेक्षा रात्री झोपताना मोबाइलवर टिचकी मारली की सकाळी निवडलेली मेथी दारात. दोघंही नोकरी करणारे असलो की मेथीची जुडी निवडणं हा रविवारचा प्रकल्प होतो. स्थानिक-परदेशी हा प्रश्नच आमच्यापर्यंत पोचत नाही, आधी वेळेचा प्रश्न येतो.

गणित_पक्कं

धाग्याच्या हेतूबद्दल आदर आहे, पण "जवळचं म्हणजे पर्यावरणाला चांगलं" हे वाक्य लवकरच येईल म्हणून आधीच लिहून ठेवतो. वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी २००८ साली अमेरिकेतल्या घरांच्या खाण्याचा कार्बन-हिशोब मांडला होता. त्यात एकूण उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के निघाला, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा तर फक्त ४ टक्के. बाकीचं जवळजवळ सगळं शेतात आणि गोठ्यात होतं. देश वेगळा असला तरी मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. बोटीने आलेलं सफरचंद विमानाने आलेल्या बेरींच्या मानाने गरीब बिचारं आहे.

म्हणून जवळचं खा, पण चवीसाठी, ताजेपणासाठी, शेतकऱ्यासाठी खा. पृथ्वी वाचवल्याचा आव नको.

आणि हिमाचलचं सफरचंद स्थानिक की परकं? बेळगावचा कोबी? लक्ष्मणरेषा कुठे आखायची ते धागाकर्तीने सांगावं.

टवाळ_टोळभैरव

लक्ष्मणरेषा आखायचीच तर नीट आखू. बटाटा शब्द पोर्तुगीजांचा, काजू त्यांचाच, अननस त्यांचा, पपई त्यांची. मिरची आणि टोमॅटो दोघेही अमेरिकेतून बोटीने आलेले. चिकू मेक्सिकोकडचा. सीताफळ नावाने सीतेचं, गावाने अमेरिकेचं. आणि ज्याच्यासाठी ताईंचे सासरे हळहळले त्या पेरूच्या तर नावातच देश आहे!

उरलं काय? आंबा, फणस, जांभूळ, करवंद, काकडी, वांगं. उद्यापासून मिसळीत वांगं-काकडी घाला आणि तर्री मिरचीशिवाय करा. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या. :)

रोपवाटिका

टोळभैरव, हसलो. पण पेरूवरून आठवलं. बाजारात "लखनौ ४९" म्हणून जी जात प्रसिद्ध आहे ना, ती आपल्या पुण्याची. गणेशखिंडच्या फळबागेत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी १९२७ साली निवडलेली. बी लखनौकडून आणलेलं म्हणून नाव तसं पडलं, पुढे तिचं "सरदार" झालं. डाळिंबाची "गणेश" जातसुद्धा त्याच गणेशखिंडीतली. म्हणजे आलेलं बी परकं होतं, रुजवलं आपण. माझ्या लेखी "स्थानिक" याचा अर्थ एवढाच: झाडावर किंवा वाफ्यात होतं तेव्हापासून माझ्या ताटात येईपर्यंत मध्ये शीतगृहात महिने गेले नाहीत, आणि पिकवणारा माणूस मनात आणलं तर गाठता येईल इतक्या अंतरावर आहे.

या हिशोबाने ड्रॅगन फ्रूटही आता स्थानिक झालंय बरं का. जत, सांगोला भागात कमी पाण्यावर चांगलं येतं म्हणून लोकांनी खांब रोवून बागा उभ्या केल्यात. तेव्हा त्या तीन ड्रॅगन फ्रूटांना नावं ठेवण्याआधी ती कुठली ते विचारा.

खिडकीतली_तुळस

@रोपवाटिका, हे माहीतच नव्हतं. तीन ड्रॅगन फ्रूटांची माफी मागते. किवीची नाही.

@मध्यमवर्गी, राग नाही. वेळेचा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर उपाय सुचत नाही एवढंच.

पथ्यपाणी

आहारतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट. लोक किवी आणतात ती "व्हिटॅमिन सी साठी", निदान सांगताना तरी तसं सांगतात. १०० ग्रॅम किवीत साधारण ९० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. संत्र्यात ५० च्या आसपास. पेरूत २०० च्या वर. आवळा त्याच्याही पुढे. पेशंटला हे सांगितलं की ते म्हणतात, "हो का? पण पेरूने सर्दी होते ना." जानेवारीत खोकला येतोच, आणि जानेवारीत पेरूही येतो. बिचारा रंगेहाथ सापडतो.

जखम भरून यायच्या काळात सासऱ्यांना पेरू खुशाल द्या. दातांचा त्रास असेल तर बिया काढून.

पट्टीचा_शेतकरी

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. गाव जुन्नर तालुक्यात. नावातली पट्टी म्हणजे पट्टीचा गायक वगैरे नाही. बाजारात माल विकला की आडत्या हिशोबाचा जो कागद हातात देतो ती पट्टी. एका दिवसाची पट्टी तुम्हाला वाचून दाखवतो.

टोमॅटो ३८ क्रेट. क्रेट २० किलोचा. भाव निघाला क्रेटला ९० रुपये, म्हणजे ३४२० रुपये. गाडीभाडं क्रेटला ३० प्रमाणे ११४०. हमाली, तोलाई वगैरे मिळून ३०४. हातात १९७६. सकाळी तोडणीला पाच बाया होत्या, ३५० प्रमाणे १७५० त्यांचे. राहिले २२६ रुपये. औषधं, तार-बांबू, मल्चिंग (वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद), ठिबक, रोपं यातलं काहीच अजून धरलेलं नाही. हेच टोमॅटो त्या आठवड्यात शहरात माझा मेहुणा २० रुपये किलोने घेत होता. माझा भाव किलोला साडेचार.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा टीव्हीवर आमच्या नावाने ओरड झाली. पुढच्या दोन महिन्यांत भाव कोसळला, तेव्हा कॅमेरे दुसरीकडे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून दोन रुपयांचा चेक मिळाल्याचं तुम्ही वाचलं असेल. तीही पट्टीच.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. तुमचा शनिवारवाला माणूस नऊ घरांसाठी किती दिवस येईल? टेम्पोचं डिझेल, दिवसभराची खोटी, आणि उरलेली पालेभाजी संध्याकाळी कुणाच्या दारात ओतायची? २०१६ साली सरकारने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या, आम्ही कुठेही विकू शकतो. कायद्याने मोकळं झालो, पण गिऱ्हाईक किती येणार हे माहीत नसलं की पाय आपोआप मार्केटकडेच वळतात. तिथे निदान सगळा माल एका जागी जातो. तुम्ही लोकांना शेतकऱ्याची दया दाखवू नका. गुरुवारी रात्रीपर्यंत आकडा द्या. २५ घरं, प्रत्येकी अमुक पैशांची भाजी, पैसे आगाऊ. तेवढीच तोडू. काय मिळेल ते आमच्यावर सोडा.

भेंडीचं म्हणाल तर, थंडीत भेंडी रडते. झाड वाढत नाही, शेंग निबर होते. जानेवारीत तुम्हाला कोवळीलूस भेंडी मिळाली तर ती उबदार मुलखातून आलीय असं समजा.

मध्यमवर्गी

पट्टीचा_शेतकरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. साडेचार आणि वीस यांच्यामधले साडेपंधरा जातात कुठे?

पट्टीचा_शेतकरी

सगळेच चोर नाहीत हो. खरेदीदार, त्याचा ट्रक, शहरातली हमाली, किरकोळवाल्याचं जागाभाडं, आणि मुख्य म्हणजे नासाडी. टोमॅटो दोन दिवस उन्हात राहिला की क्रेटच्या तळाचा थर गेलाच. तो गेलेला माल चांगल्या मालाच्या भावात चढतो. हातगाडीवाली मावशी माझ्यापेक्षा श्रीमंत नाही.

खान्देशी_वांगं

मंडळी, चर्चा फार गंभीर झाली, जरा भरीत घ्या.

जळगावकडच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव फक्त त्या भागातल्या मालालाच लावता येतं. फिकट हिरवं, हातभर लांब नाही पण वजनाला पाऊण-एक किलो, आत बिया नावापुरत्या. गॅसवर भाजायचं नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायचं, सालं काढून लाकडाच्या बडगीत ठेचायचं, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे. पुण्यात जांभळ्या वांग्याचं जे करतात त्याला आम्ही भरीत म्हणत नाही, तो वांग्याचा अपघात.

माझा अनुभव असा की उपदेशाने कुणी बदलत नाही. मी दर हिवाळ्यात गावाहून पोतंभर वांगी आणतो आणि गच्चीवर भरीत पार्टी करतो. तिसऱ्या वर्षी शेजारचे पाच जण स्वतःहून म्हणाले, आमच्यासाठीपण दहा किलो आण. जीभ आधी, विचार मागून.

पुणेरी_जांभळं

निषेध. जांभळ्या वांग्याचं भरीत हा आमचा वारसा आहे. दही घालून.

खान्देशी_वांगं

दही???? संपादक, हा प्रतिसाद उडवा.

संत्रानगरीचा

राजेहो, आमचंही ऐकून घ्या. मी नागपूरचा, नोकरीपायी सध्या ठाण्यात. डिसेंबरात दुकानदाराले म्हटलं, नागपुरी संत्री द्या. त्यानं दिली. घरी सोलाले बसलो तं साल निघंना. नखं दुखली. आत बिया मोजल्या, एका फळात अठरा. तो किन्नू होता, पंजाबकडचा. किन्नू वाईट नाही, रसाले चांगला असतो, पण मंग त्याले किन्नू म्हणा ना.

ओळखायची खूण सोपी आहे. नागपुरी संत्र्याची साल अंगात सैल शर्ट घातल्यासारखी असते, देठाजवळ दाबली की आत पोकळ लागते. वरून दिसायले ते किन्नूपेक्षा गरीब, कधी हिरवट, कधी सुरकुतलेलं. लोक चकाकी पाहून किन्नू उचलतात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फेब्रुवारीपासून पुढं. मृगाची जास्त गोड असं आमच्याकडं म्हणतात. ताईच्या सासऱ्यांले आता मृग बहाराची खाऊ घाला.

देवगडचा_पोरगो

फसवणुकीचा विषय निघाला आणि हापूस नाही असं कसं होईल! कोकणच्या हापूसला २०१८ साली मानांकन मिळालं, पाच जिल्ह्यांसाठी: पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. तरी दर एप्रिलात "देवगड" छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा बसून येतो. मागे आमच्या ओळखीच्यांनी शहरात महागाची पेटी घेतली, आत आंब्याखाली कानडी वर्तमानपत्र. आंब्याला वाचता येत नाही म्हणून बरं.

कर्नाटकचा आंबा पिकवणाऱ्याबद्दल तक्रार नाही, तोही शेतकरीच. खोट्या नावाने विकणाऱ्याबद्दल आहे. आणि गिऱ्हाइकांनो, मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिवळाधमक आंबा मागू नका हो. तुमच्या घाईपायीच कार्बाइड वापरतात. त्याला बंदी आहे. पिकवायला इथिलीन वायू चालतो, तोही १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. पण गवतात आढी घालून पिकलेल्या आंब्याचा वास घरभर सुटतो, तो कशानेच येत नाही.

बाकी हापूसच्या नादात रायवळ विसरलात सगळे. चोखून खायचे बिटके आंबे आता गावातही कुणी उतरवत नाही. झाडाखाली सडा पडतो.

वसईकर_वाडीवाला

देवगडच्या भावाचं शेवटचं वाक्य लागलं. आमच्या वसईची केळी म्हटलं की एके काळी मुंबई ओळखायची. राजेळी, मुठेळी, तांबेळी, भुरकेळी, वेलची. राजेळी पिकवून सोलून उन्हात वाळवतात, ती सुकेळी. मधासारखी तपकिरी, चिकट, आणि टिकाऊ. कळत्या वयात घराच्या अंगणात मांडवावर सुकेळी पसरलेली असायची आणि राखण करायला आजी काठी घेऊन बसायची, कावळ्यांपासून कमी, आमच्यापासून जास्त. आता वाड्यांच्या जागी इमारती. सुकेळी करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी.

सांगायचं एवढंच की घेणारा थांबला तर पिकवणारा एक-दोन वर्षंच वाट बघतो, मग जागा विकतो. वाडी एकदा गेली की परत येत नाही.

नाव_नंतर_सांगतो

रात्री सविस्तर लिहिणार होतो, पण सगळं लिहून झालंय. सुकेळी कुठे मिळेल?

ओटीवरची_आजी

मुलीने खातं उघडून दिलंय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर मुरबाडकडचं. पहिला पाऊस पडला की ठाकर बायका शेवळं घेऊन बाजारात येतात. दिसायला कोंब, वरचं टोक जांभळट. ती नुसती शिजवली तर घसा असा खाजतो की माणूस शेवळाचं नाव पुन्हा काढत नाही. त्यासोबत काकडं घालायची असतात, आंबट हिरवी फळं. म्हणून त्या बायका शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देतातच. मागच्या वर्षी ठाण्याला एका दुकानात काचेआड शेवळं ठेवलेली पाहिली, भाव बघून डोळे विस्फारले, पण काकडं नव्हती. विचारलं तर तो पोरगा म्हणाला, "काकडी पलीकडे आहे मॅडम."

भाजी विकणं निराळं आणि भाजी माहीत असणं निराळं. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, यांतलं प्रत्येक कसं निवडायचं, कुठला भाग टाकायचा, हे विकणारीला ठाऊक असतं. दोन मिनिटं तिच्यापाशी थांबावं आणि विचारावं. आता ऑगस्टात कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव होतात, तिथे बचत गटाच्या बायका शिजवूनही देतात, ते मला आवडतं.

आणि खिडकीतल्या तुळशीबाई, त्या मेथीतल्या गवताचा फोटो टाका बघू. मला संशय आहे.

कोथिंबीर_फुकट

एक टोचणारी गोष्ट. इथे सगळे हळहळतायत, पण आपल्यापैकी किती जण भाजीवालीकडून कोथिंबीर फुकट मागतात? आणि मॉलमध्ये छापील किमतीपुढे मान तुकवतात? (हो, माझं नाव त्यावरूनच आहे. सुधारतोय.)

दुसरं, "स्थानिक" नावाखाली दुप्पट भावाने विकणारी जी नवी दुकानं निघालीत, तिथे वेताच्या टोपलीचे पैसे जास्त असतात. स्थानिक म्हणजे आपोआप सेंद्रिय असा समजही करून दिला जातो.

पट्टीचा_शेतकरी

@कोथिंबीर_फुकट, बरोबर. मी औषध मारतो. खोटं कशाला सांगू? फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते मी पाळतो, कारण तोच टोमॅटो माझी पोरं खातात. सगळे पाळतात असं म्हणणार नाही. पण समोर उभा राहून विकणाऱ्याला तुम्ही हे तोंडावर विचारू शकता, हा फरक आहे.

गणित_पक्कं

हा मुद्दा मला पटला. माझ्या ४ टक्क्यांत हे बसत नाही.

जाता जाता: पुण्याच्या मार्केट यार्डाची दर रविवारची आवकेची बातमी वाचत जा. इंदूरचं गाजर, आग्र्याचा बटाटा, कर्नाटक-गुजरातचा कोबी. कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेतलं म्हणजे जवळचं घेतलं, असं होत नाही. विचारावं लागतं.

बियाणं_बटवा

वाणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी. वाल, घेवडे, भाज्या यांचे कितीतरी वाण त्यांनी सांभाळलेत. पण बियाणं मडक्यात जपून भागत नाही, ते पेरावं लागतं, आणि पेरायचं तर त्या शेंगा कुणीतरी विकत घ्यायला हव्यात. गावरान घेवडा एकसारखा दिसत नाही, म्हणून दुकानात मागे पडतो. ताईंच्या काकूंची वाकडी गाजरं तीच.

सत्तेचा_कांदा

या सगळ्याला जबाबदार सरकार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, आणि तुम्ही इथे भरीत

संपादक

कांदा निर्यातीवर दोन धागे आधीच जळतायत, कृपया तिथे. वरच्या प्रतिसादाचा राजकीय भाग काढला आहे. भरीतात दही असावं की नसावं यासाठी वेगळा धागा उघडावा.

खिडकीतली_तुळस

अडीच आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी. प्रतिसाद खूप उपयोगी पडले, म्हणून जे केलं ते सांगते.

संक्रांत झालीच होती, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. सुगडात आपण काय भरतो ते बघा: ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर. म्हणजे या आठवड्यात शेतात जे असतं तेच. ते धरून मी यंदा वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा न देता प्रत्येकीला हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची एक जुडी आणि मूठभर बोरं दिली. दोघी-तिघींनी नाक मुरडलं. पण संध्याकाळी व्हॉट्सॲपवर "हा पाला करायचा कसा?" यावर साठ निरोप आले, आणि दोन सासवांची लसूण आधी की पीठ आधी यावरून जुंपली. खान्देशी_वांगं यांचं "जीभ आधी" अगदी खरं.

मग पट्टीचा_शेतकरी यांचा सल्ला. शनिवारवाल्या दादांशी बोलले. गुरुवारी रात्री नऊपर्यंत नावं, पैसे आगाऊ, पिशवीत काय असेल ते ते ठरवणार. २२ घरं झाली. पंचवीस नाहीत, पण त्यांनी हो म्हटलंय. मध्यमवर्गींसारख्यांसाठी एक सोय निघाली: सोसायटीतल्या दोन आजी आणि कामाच्या मावशी मिळून ज्यांना हवी त्यांना पालेभाजी निवडून देतात, जुडीला दहा रुपये. मावशींना याचे सुटे पैसे मिळतात, आणि आजींना गप्पा.

फसलं काय, तेही सांगते. फळांचं काहीच जमलं नाही. परवा एका शेजाऱ्यांना भेटायला गेले, हातात पेरूंची पिशवी, आणि दारात माझ्याच तोंडून निघालं, "साधंच आणलंय हो."

@ओटीवरची_आजी, मेथीतल्या गवताचा फोटो डकवलाय. बघता का?

ओटीवरची_आजी

अगो, ते चाकवत आहे! रानात आपसूक उगवलेलं. ताकात शिजवून, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून, वरून लसणीची फोडणी. हे तुम्ही फेकत होतात?

मध्यमवर्गी

आमची पहिली पिशवी आली. बायको विचारतेय, चुका म्हणजे नक्की काय चुकलं?

खिडकीतली_तुळस

@मध्यमवर्गी, चुका आंबट असतो, त्याच चाकवतात टाका.

आणि आजी, तुमची कृती सोसायटीच्या गटावर टाकली. मेथीत गवत येतं म्हणून ज्यांनी पहिली तक्रार केली होती त्याच काकू काल गाडीपाशी दादांना विचारत होत्या, "या वेळी मेथी फारच स्वच्छ काढलीत, गवत नाही का आलं?"